चिमणी फ्रॉकची अक्षरं

पुणे, १२ जून १९९९

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, लोणच्याची बरणीही पोचली. बरणी दोन दिवसांत संपली. पत्र मात्र अजून ऑफिसच्या टेबलावर आहे, आणि आज त्याचीच गंमत सांगायची आहे.

तुमच्या सुरतेतल्या पर्वत पाटियाचे भाईदास शेठ, ज्यांच्या साड्यांना तू घरी टिकल्या लावतेस, त्यांनी आता लहान मुलींचे फ्रॉक काढलेत. नाव ‘चिमणी’. माल आपल्या मुलखात खपवायचा म्हणून नाव मराठीत. त्यांची वेबसाइट आमच्याकडे आली आहे. वेबसाइट म्हणजे कॉम्प्युटरवर उघडणारं दुकान समज. शेठना तिथे आणि खोक्यांवर अशी अक्षरं हवीत की पोरींनी पाहताच हसावं. मी सात नमुने केले, सातही त्यांना सरकारी नोटिशीसारखे वाटले. परवा ते इथे आले तेव्हा तुझं पत्र समोरच होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं की ही नाचरी अक्षरं कुणाची. मी छाती फुगवून सांगितलं.

तर आता कोऱ्या कागदावर जाड पेनाने सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी लिहून पाठव. मी त्याचा फॉन्ट करीन, म्हणजे कळ दाबली की तुझं अक्षर उमटेल. तुमच्या साक्षरता वर्गाच्या सरस्वतीबाईंना सांग, मी पुण्याला आलो त्या वर्षी मागे बसून पाटी लपवणारी बाई आता खोक्यावर छापून येणार आहे.

वर्षाला म्हणावं, आईला त्रास देऊ नकोस. तुझी माया लोणच्यासारखी मुरत राहो, एवढंच मागणं.

तुझा,
योगेंद्र

डिंडोली, सुरत, २० जून १९९९

चि. योगेंद्र यास आईचे अनेक आशीर्वाद.

कागद पाठवला आहे. अ पासून ज्ञ पर्यंत सगळं लिहिलं. चार दिवस लागले. एका दमात होत नाही. वर्षाने कागद धरला आणि खाली फूटपट्टी ठेवली. सरस्वतीबाईंनी तपासलं, चांगलं सरळ आलं म्हणाल्या. तुझ्या शेठला सरळ अक्षर देऊ. वाकडं छापून आलं तर लोक हसतील.

टिकल्या हल्ली वर्षा लावते. मी भाकरीचं बघते. जेवण वेळेवर कर. पत्र लहान आहे, राग धरू नको.

तुझी माय,
मंगलाबाई

पुणे, २७ जून १९९९

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. एवढे कष्ट घेतलेस आणि मी नाक मुरडतो आहे, पण ही अक्षरं चालणार नाहीत गं. अगदी फळ्यावरची झालीत. मला तुझ्या पत्रातली हवीत. त्यात म हिंदकळतो, वेलांटी निम्म्यात घसरते, उकार पिशवीसारखा लोंबतो. लोकांनी हसावं म्हणूनच तर सगळा खटाटोप आहे. ती फूटपट्टी वर्षाच्या डोक्यात घाल. हात सैल सोड, आवरू नकोस, वेडंवाकडं येईल तितकं चांगलं.

एवढा हट्ट पुरव, मग दिवाळीपर्यंत काही मागणार नाही. मायेत मात्र उणं करू नकोस.

तुझा,
योगेंद्र

डिंडोली, सुरत, ५ सप्टेंबर १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी वेबसाइट आम्ही पाहिली. शेठनी आईला मुद्दाम पर्वत पाटियाच्या ऑफिसात बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं की चिमणीची आई हीच. काउंटरवरची माणसं अक्षरं बघून हसली. वाईट मनाने नाही, तुला हवं होतं तसंच हसली. आईही हसली. रिक्षात मात्र तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि घर येईपर्यंत काढले नाहीत.

दादा, तिने मला तुझ्या गळ्याची शपथ घातली होती. ती आज मोडते. तिचा हात कापतो. आधी नुसता सुई ओवताना कापायचा, मग टिकल्या जागेवर बसेनात. शेठच्या तीन साड्या परत आल्या, तेव्हापासून ते काम मी करते. तुला कळलं तर नोकरी सोडून येशील, एवढीच तिची भीती. तुझ्या पहिल्या कागदाच्या वेळी मी कागद नाही, तिचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या वेळी तू सैल सोड म्हणालास, म्हणून मी सोडलं.

परवा उकळता चहा तिच्या पायावर सांडला, तेव्हा मी ऐकलं नाही, मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नसांचा आजार सांगितला. हात कधीपासून बिघडला ते आईला नीट सांगता येईना, म्हणून त्यांना तिचं जुनं लिखाण तारखेसकट हवं आहे. ते फक्त तुझ्याकडे आहे. लवकर पाठव.

मी आधी बोलायला हवं होतं. रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
वर्षा

पुणे, ११ सप्टेंबर १९९९

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर कशाला रागावू. तू तिचं मनगट धरून होतीस, मी काय करत होतो ते सांगतो.

चार वर्षांची बेचाळीस पत्रं खोलीत जमिनीवर तारखेने मांडली. पहिली दोन वर्षं अक्षर सावकाश, गोल आणि सरळ आहे. सत्त्याण्णवच्या दिवाळीत काना हलायला लागला. त्याच्या पुढच्या संक्रांतीला म. मग ओळच खाली जाते. डॉक्टरांना वेगळं काही सांगावं लागणार नाही, शहाण्या माणसाला पाच मिनिटांत दिसेल.

मला दिसलं नाही. मी महिनाभर तिचं एकेक अक्षर पडद्यावर वीतभर मोठं करून पाहिलं. सुरुवातीची सरळ पत्रं साधी म्हणून बाजूला काढली. कडेचा प्रत्येक कंगोरा जपला, कॉम्प्युटर गुळगुळीत करायला निघाला तर त्याला करू दिलं नाही. ऑफिसात सगळ्यांना बोलावून दाखवलं की हाताची मस्ती म्हणतात ती ही. माझ्या आईचं दुखणं मी आवडीने निवडून घेतलं, वर्षा, आणि ज्यात ते दिसत नव्हतं तो कागद तिला परत केला.

काल त्या फॉन्टमध्ये ‘चि. योगेंद्र यास आईचे अनेक आशीर्वाद’ असं मीच टाइप केलं. दोन्ही य हुबेहूब एकसारखे आले. तिचे कधीच नसतात. कागद फाडून टाकला आणि खूप रडलो.

शेठना सांगून ती अक्षरं काढून टाकतो. पत्रं सोबत आहेत, नीट सांभाळ. पंचवीस तारखेला, शनिवारी मी येतो. तोवर आईला पहिल्यासारखं चार ओळी लिहायला सांग, कशाही येवोत. या नालायक भावावर जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझा दादा,
योगेंद्र

डिंडोली, सुरत, १८ सप्टेंबर १९९९

चि. योगेंद्र यास आईचे अनेक आशीर्वाद.

वर्षा लिहिते आहे, मी सांगते आहे. तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. तू रडलास ते ऐकून माझं जेवण गेलं. डॉक्टरांनी पत्रं बघितली. आहे तेवढं गोळ्यांनी टिकेल, गेलेलं येणार नाही, असं म्हणाले. आधी आलो असतो तर बरं झालं असतं, पण आले नाही ती मी. तुझा त्यात काही दोष नाही.

दोन वर्षं मी अक्षर सरळ काढायला जीव आटवत होते. शेजारणीसमोर पेन धरत नव्हते. तू वाकडंच हवं म्हणालास, तेव्हा दारात बसून सगळ्यांसमोर लिहिलं. तुले आवडनं म्हनीसन माले बरं वाटनं. ती अक्षरं काढू नको. पोरी हसतात तर हसू दे.

शनिवारी ये. माया आहे तेवढी सगळी तुम्हा दोघांचीच आहे.

तुझी माय,
मंगलाबाई

ता. क. दादा, खाली सही तरी कर म्हणून मी पेन तिच्या हातात दिलं. तिने कागदावर टेकवलं आणि उचलून परत मला दिलं. म्हणाली, माझं अक्षर पाहून पोरगा आजवर हसायचा, आता रडेल, इथून पुढे तूच लिहीत जा.
वर्षा