गाऱ्हाण्यातून गाळलेलं नाव

१९ फेब्रुवारी १९६३, कट्टा, ता. मालवण

राजीनामा देणार नाही.

दिल्लीहून अधिकारी आला होता. तरुण, जीपमधून. चहा घेतला. "स्वतःहून गेलात तर पेन्शन राहील सर, ब्रिगेडियरचा हुद्दा राहील. चौकशी कशाला?"

चौकशी हवीच! चीनच्या लढाईत माघारीचा हुकूम मी दिला. वरून परवानगी येत नव्हती, दारूगोळा संपला होता. थांबलो असतो तर अख्खी ब्रिगेड बर्फात राहिली असती. हे चौकशी मंडळापुढे उभा राहून सांगेन.

अक्का दाराआड ऐकत होती. थोरली बहीण, हे घर तीच सांभाळते. "सही करून टाक रे विश्राम. पेन्शन तरी मेळतली."

वाद घातला नाही. सहीही केली नाही.

२४ फेब्रुवारी

बाजारात गेलो. दुकानातली बोलणी थांबली. सुपारी घेतली, तिथेच उभ्याने कातरली. सावकाश.

१ मार्च

परशुराम गावकर आले. शिमग्याला देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात — गावचे जे फौजेत, बोटीवर, मुंबईला, त्यांची नावं घेऊन राखण मागायची. फौजेत गेल्यापासून माझं नाव पहिलं. ब्रह्मदेशात होतो तेव्हा, काश्मीरला होतो तेव्हा.

"विश्रामभाऊ, राग मानू नकात. गाव म्हणता, तुमी पाठ दाखवून इलास. यंदा तुमचा नाव घेवचा नाय."

"देवान बघल्यान काय माझी पाठ? इचारा तेका."

पान न घेता गेले.

११ मार्च

शिमग्याला गेलो. गणवेश घालून!

गाऱ्हाणं सुरू झालं. प्रत्येक नावाला गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" बोटीवरचे झाले, मुंबईवाले झाले. परशुराम नारळ ठेवायला वाकले आणि मी माझं नाव घेतलं. मोठ्याने. बापाच्या नावासकट.

परशुराम वाकलेलेच.

मग बायकांमधून आवाज आला — तिथून कधी येत नाही. यशोदा. तिचा लवू माझ्या ब्रिगेडमधला शिपाई. "माझो लवू जितो घराक इलो, तो हेंच्यामुळे! व्हय म्हाराजा!"

एकटीच. तेवढं पुरे.

२ एप्रिल

तार. निर्दोष! रुजू व्हा. बढतीचा विचार चालू आहे.

मला बोलावलंसुद्धा नाही आणि निकाल?

परशुराम नारळ घेऊन धावत आले. "फुडच्या शिमग्याक तुमचा नाव पयला!" अक्का साऱ्या वाडीत साखर वाटून आली. मीही चिमूटभर तोंडात टाकली. खोटं कशाला लिहू — गोड लागली.

५ एप्रिल

तोच जीपवाला. आज हसत. "माघार मेजर राण्यांनी आपल्या मनाने सुरू केली, तुमच्यापुढे इलाज उरला नाही — असं मांडलंय सर. आता त्यांची हरकत यायची नाही."

राणे सर्वांत पुढच्या मोर्च्यावर होता. माघारीचा हुकूम मी स्वतः वायरलेसवर फक्त त्याला दिला, बाकीच्यांना त्याने कळवला. त्याने विचारलं होतं, "हुकूम लेखी मिळेल, सर?" मी म्हटलं, वेळ नाही. बाकीचे निघेपर्यंत त्याने खिंड धरली. तिथेच पडला. त्याचा वायरलेसवाला जवानही.

जीपवाल्याला चहा दिला नाही.

अक्काला सांगितलं, काय करणार ते. ती ओरडली, "खुळो झालंस? ह्या खेपेक तुका सोडूचे नाय ते!"

६ एप्रिल

मालवणला जाऊन तार केली. माघारीचा हुकूम माझा होता, चौकशी पुन्हा उघडा.

तो हुकूम ऐकलेलं कुणी जिवंत नाही. देणारा आहे.