आमचा ऑलराउंडर आणि ड्रॅगन

३ मार्च, रविवार
शी! दर रविवारी दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आम्ही फासे टाकून ड्रॅगन-जादूचा खेळ खेळतो. खेळ चालवतात डॉक्टर. आज नवी कॅरेक्टर्स बनवायची होती. मेहुण्याने डोळे झाकून फायटर, म्हणजे तलवारवाला, घेतला. दहा वर्षं तेच! किळस येते. मग सगळे माझ्याकडे वळून म्हणाले, तू हीलर हो. मी? लोकांच्या जखमांना मलम फासत बसू?
संकल्प: सगळं येणारा माणूस बनवणार. तलवार, मंत्र, उपचार, कुलपं उघडणं. एकाच कामाला जुंपून घ्यायला मी काही बैल नाही.

६ मार्च, बुधवार
कॅरेक्टरला मिळालेले पॉइंट सगळ्या कौशल्यांत सारखे वाटून टाकले. काय देखणं कॅरेक्टर झालंय! डॉक्टर फोनवर म्हणाले, धड काहीच येणार नाही याला. दात उपटणारा माणूस, त्याला दातापलीकडे काय दिसणार.

१० मार्च, रविवार
हीलर हवा म्हणून मेहुण्याने चक्क आपल्या बहिणीला आणून बसवलं. म्हणजे माझ्या बायकोला. तिने सगळे पॉइंट उपचारात ओतले. तलवारीत शून्य. कीव आली.
मी कुलूप उघडायला गेलो, ते जास्तच अडकलं. मंत्र म्हटला, तर लोखंडी चिलखतात मंत्र चालत नाहीत असा नियम निघाला. नियमांच्या पुस्तकात चौथ्या पानावर आहे म्हणे. चौथं पान कोण वाचतं?

१४ मार्च, गुरुवार
चिलखत काढलं. आता मंत्र चालतील. शिवाय पळताही येईल.

१७ मार्च, रविवार
पळता आलं नाही. उंदीर चावला. मोठा होता. बायकोला उपचार करावे लागले. जेवताना म्हणाली, अहो, एक काहीतरी नीट शिका ना. आता घासही गोड लागू द्यायचा नाही!
डॉक्टरांनी बजावलंय: पुढच्या रविवारी ड्रॅगन. जो मेला तो मेला, त्याला नवं कॅरेक्टर नाही. म्हणजे रविवार बंद. मला कसली भीती? मला सगळं येतं.

२४ मार्च, रविवार
ड्रॅगनने एका फुंकरीत मला आणि मेहुण्याला आडवं केलं. दोघंही शेवटच्या घटका मोजतोय. बायकोकडे एकच उपचार शिल्लक. मी निर्धास्त.
तिने मेहुण्याला उठवलं.
भाऊ म्हणून ना, असं मी विचारलं. नाही हो, म्हणाली, त्याला तलवार चालवता येते. पुढच्याच फाशाला ड्रॅगन मेला. मीही. सगळे नाचले, तीसुद्धा.

३१ मार्च, रविवार
सकाळपासून वेटिंग रूमच्या दारात चपला घालून बसलो होतो. शेवटी डॉक्टरांना दया आली. कॅरेक्टर नाही, पण सामान वाहणारं गाढव व्हा म्हणाले. झालो. थोडी जादू शिकवता येईल का विचारलं. नाही म्हणाले.
डोंगर उतरताना गाढवाचा पाय खरचटला. बायकोने कुणी सांगायच्या आत उपचार केला. गहिवरून आलं. तिला तसं म्हटलं.
म्हणाली, सगळ्यांचं सामान आहे ना पाठीवर.