शुक्रवारची उपाशीपोटी तपासणी

बनशंकरी, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. कृष्णामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू निपाणीला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रांवर आलो, पण मला हे बरं वाटतं. फोनवर मी सगळं ठीक आहे एवढंच म्हटलं असतं.

तू इथे असताना विचारलं होतंस की मी नेमकं करते काय, आणि मी घाईत काहीतरी उत्तर दिलं. आता नीट सांगते. या भागातल्या काही शे कुटुंबांना आम्ही दहा वर्षं दरसाल बोलावतो, उपाशीपोटी रक्त घेतो, रक्तदाब आणि वजन बघतो. इथे तिशीतच माणसांना साखरेचा आजार का होतो, हे त्याच माणसांना वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय कळत नाही. यात विकण्यासारखं काही निघत नाही, त्यामुळे कुठली कंपनी यात पैसे घालणार नाही. हे लोकांच्या पैशातूनच व्हावं लागतं. साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या बाईचाही माझ्या पगाराला हातभार आहे हे आठवलं, की मी ऑफिसातला पंखा बंद करून बाहेर पडते. हसू नकोस.

सरकारी अनुदानाची मुदत मार्चअखेर संपते. पुढची पाच वर्षं द्यायची की नाहीत, हे ठरवायला फेब्रुवारीत दिल्लीहून समिती येणार आहे. नाही म्हणाली, तर ही सगळी कुटुंबं आमच्या हातून सुटतील आणि दहा वर्षांचं काम मध्येच तुटेल. पण आमची एक बाजू भक्कम आहे: आमच्याकडे बायका येतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची तपासणी शुक्रवारी ठेवायची कल्पना माझी. त्या दिवशी बायका देवीला म्हणून सकाळीच बाहेर पडतात, देऊळ आमच्या कोपऱ्यावरच, तशाच पुढे आमच्याकडे येतील असं वाटलं, आणि झालंही तसंच. आमचे प्रमुख डॉ. प्राणेश समितीपुढे हे माझं नाव घेऊन सांगणार आहेत. मला आनंद झाला, आणि एवढा झाला म्हणून लाजही वाटली.

शेजारच्या शिवलीलाअक्का तुझी आठवण काढतात. त्यांची साखर यंदा पहिल्यांदाच वाढलेली निघाली, म्हणून हिरमुसल्या आहेत.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहे तशीच असू दे.

तुझी
संयोगिता

निपाणी
१९ जानेवारी २०२५

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या कामाचा उलगडा झाला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की आमची पोर रक्तपेढीत आहे. पंखा बंद करतेस ते सरकारला कळवून ठेव, एखादं प्रशस्तिपत्र देतील.

तुमच्या केंद्राचं मला कौतुक वाटलं ते तुला सांगायचं राहिलं. त्या शुक्रवारी तू आत मीटिंगमध्ये होतीस, मी शिवलीलाबरोबर आले होते. आधी देवळात गेलो. आपल्याकडे तळहातावर तीर्थ टेकवतात आणि पुढे चला म्हणतात. तिथे द्रोण भरून गोड पोंगल, म्हणजे आपला गूळभातच, वर तूप-काजू, शिवाय पंचामृत! मी म्हटलं, अर्धं घरी नेऊ. तर शिवलीला डोळे वटारून म्हणाली, देवीचं गरम गरम तिथेच संपवायचं असतं, उरवायचं नाही. सगळ्या बायका तसंच करत होत्या. मग तोंड पुसून आम्ही सगळ्या तुझ्या दारात रांगेत. तुमच्या त्या गोड मुलीने विचारलं, अक्का, तिंडी आयता? शिवलीला म्हणाली, छे गं, नाश्ता कुठला, सकाळपासून उपाशी आहे. आणि होतीच बिचारी, कॉफीचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

अशा भाबड्या माणसाला साखर कशी झाली, हेच नवल. तिला म्हणावं, काळजी करू नको.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी
कृष्णामावशी

बनशंकरी
२६ जानेवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हातातला चहा तसाच ठेवला. मावशी, त्या द्रोणभर पोंगलानंतर घेतलेलं रक्त उपाशीपोटीचं नव्हतं!

मी तीन वर्षांचे आकडे काढून बसले. रविवारी येणाऱ्या पुरुषांपेक्षा शुक्रवारच्या बायकांची साखर जास्त. हे आम्हाला दिसत होतं, पण आम्ही त्याची मोठी मोठी कारणं शोधत होतो. बायकांना झोप कमी, काळजी जास्त, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात. यावर एक लेखही अर्धा लिहून झाला होता. कारण द्रोणात होतं. आणि मी काही परकी नाही गं. प्रसाद मीही असाच खाते आणि त्याला खाणं म्हणत नाही. मग वार ठरवताना मला हे कसं सुचलं नाही? हजेरीच्या आनंदात सुचू दिलं नाही, असं तर नसेल?

प्राणेश सरांना सांगितलं. त्यांनी आकडे स्वतः तपासले. मग म्हणाले, समिती येऊन जाऊ दे, नंतर बघू. दुपारी स्वतःच माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, नंतर नको, आपणच सांगू. पण अनुदान थांबलं तर सोबतच्या सगळ्यांच्या नोकऱ्याही जातील. काल डबा तसाच परत आणला.

तुझा राग नाही. उलट आभारच मानते. आशीर्वाद मात्र या वेळी मागते आहे.

संयोगिता

निपाणी
२ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

माझे कान गेले तेव्हाच जीभही जायला हवी होती. पोरी, देवीचा प्रसाद दिल्लीपर्यंत न्यायची काय गरज? ती माणसं येतील, इडली खातील, सही करून जातील. पुढच्या वर्षी वार बदल आणि मोकळी हो.

हे लिहून झालं आणि मग मला शिवलीला आठवली. पोंगलाची साखर आजाराची म्हणून लिहिली असेल, तर ती बाई उगाच गोड सोडून बसली आहे. आणि तसं नसेल, तर तेही तिला कळायला हवं. तेव्हा वरचं माझं शहाणपण खोडलेलं समज. सांग त्यांना.

तुला न विचारता मी तिला कन्नडमध्ये पत्र टाकलं आहे. काय लिहिलं ते सांगणार नाही. आता रागवायचं असेल तर जेवून मग रागाव.

कृष्णामावशी

बनशंकरी
२३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली. मी उभी राहून सगळं सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे तीन वर्षं लोकांचे पैसे देवळाच्या प्रसादाचं मोजमाप करण्यात गेले. त्यांचं काही चूक नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या शेजारच्या बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, माझी आई एकादशीला अशीच पोटभर उपाशी असते. शेवटी असं ठरलं: मार्चमध्ये याच बायकांची फेरतपासणी करायची. बहुतेक जणी परत आल्या तर पुढच्या पाच वर्षांची शिफारस, नाही आल्या तर काम बंद.

आता सगळं त्यांच्या हातात. यायचे त्यांना काही मिळत नाही, पुन्हा सुई मात्र टोचून घ्यायची. आणि मी कुठल्या तोंडाने बोलवू? शिवलीलाअक्कांकडे गेले तर त्या तडकल्या. म्हणाल्या, म्हणजे आम्ही खोटं बोललो? मी म्हटलं, तुम्ही खरंच सांगितलंत, आम्हीच नीट विचारलं नाही. त्यांनी दार लावलं नाही, पण कॉफीही विचारली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तू काय लिहिलं होतंस गं त्यांना?

संयोगिता

बनशंकरी
१३ एप्रिल २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल क्षमा कर. हातात काहीतरी पक्कं आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मी लवकर केंद्रावर गेले. कोणी येणार नाही अशी मनाची तयारी केली होती. फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे शिवलीलाअक्का. त्या एकेकीला दटावत होत्या, पोटात काही गेलंय का, देवाचं धरून सांग. देवळातल्या अर्चकांनाही त्यांनीच गाठलं होतं. महिनाभर शुक्रवारचा नैवेद्य उशिरा दाखवायचं त्यांनी कबूल केलं. देवी स्वल्प थांबेल, म्हणाले.

मी आभार मानू लागले तर, राग उतरल्यावर पुन्हा वाचलं, म्हणत अक्कांनी तुझं पत्र पुढे केलं. मला कन्नड वाचायला वेळ लागतो, पण ते वाचलं. तू लिहिलं होतंस, पोरीला साथ दे, ती चुकली तर स्वतःहून सांगते, आपलं रक्त तपासायला अशीच माणसं असलेली बरी. मावशी, तोंडावर असं काही तू मला आयुष्यात म्हणाली नाहीस.

जवळजवळ सगळ्या आल्या. एकीने तर लेकीच्या बाळंतपणासाठी गावी जायचं दोन दिवस पुढे ढकललं. अनुदान देणाऱ्या सरकारचे आभार कसे मानायचे ते मला येतं, अहवालाच्या शेवटी तशी ओळच असते. या बायकांचे कसे मानायचे ते अजून शिकते आहे. गेल्या आठवड्यात मंजुरीचा आदेश आला. पाच वर्षं. प्राणेश सरांनी तो दोनदा वाचून दाखवला आणि दुसऱ्यांदा त्यांना चष्मा काढावा लागला.

बहुतेकींची साखर खाली आली. शिवलीलाअक्कांची नाही. त्यांची वाढलेली साखर पोंगलामुळेच निघावी असं मला फार वाटत होतं, आणि असं वाटणंही कामाच्या दृष्टीने बरं नव्हे, हे कळत होतं. निरोप दुसऱ्या कोणाकडून द्यायचा नाही म्हणून स्वतः गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बरं झालं, देवीवरचा आळ गेला. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर ते विचारून घेतलं, आणि माझ्यासाठी कॉफी टाकायला आत गेल्या.

तुझी
संयोगिता