नकाशावर आत्याचं बोट

४ मार्च
आजही नाही! सकाळपासून समितीच्या दाराबाहेर बाकावर. विधेयकाचं नाव केवढं — राज्य पर्यावरण संरक्षण आणि मूळ रहिवासी सांस्कृतिक हक्क विधेयक! शिपायाचं वाचून होईपर्यंत खाणवाले अर्धा डोंगर उकरून नेतील. आत्या मात्र बाकावर पाय घेऊन निवांत. शिपाई म्हणाला, "आजी, पाय खाली." तर म्हणते, "का रे, बाकाला जड होतात का?"

मला खरं तर किनाऱ्याकडे जायचं होतं. बोटीवर काम मिळत होतं. पण वस्तीत वाचता येणारा आणि रिकामटेकडा असा मी एकटाच. आणलं मानगूट धरून.

६ मार्च
घेतलं एकदाचं आत. अध्यक्ष माणूस बरा वाटला — निदान जांभई हाताआड देतो. म्हणाला, "तुमचा पवित्र झरा कुठे आहे, ते नकाशावर दाखवा. ज्या डोंगरात झरा, तो डोंगर कायद्यानं वाचेल. आजूबाजूचे खाणीला जातील." सरळ हिशेब. आणि आत्या?

"तो परक्याला दाखवत नाहीत."

झालं! वकीलबाई आमच्यासाठी फुकट राबतात, त्या डोकं धरून बसल्या. आमच्यात झऱ्याची जागा बाहेर कुणाला सांगायची नाही. घरात आलेल्या सुनेलासुद्धा पहिलं मूल झाल्यावरच नेतात. मला तर अजून नेलेलंच नाही — का, तर मी कुठे टिकत नाही!

७ मार्च
आत्याशी कडाक्याचं भांडण.
"अगं, न सांगता राखणार कसा?"
"आजवर कसा राखला?"
"आजवर खाण नव्हती!"
"मग खाणवाल्यांना जाऊन ओरड. माझ्यावर काय गुरगुरतोस?"

तडक बाहेर पडलो. कोपऱ्यावर एकजण दुकानाची दिव्यांची पाटी दुरुस्त करत होता. एक अक्षर लागलं की दुसरं विझायचं. अंधार पडेपर्यंत तिथेच उभा. आमचंही तेच चाललंय.

९ मार्च
परवा शेवटची बैठक. आत्या माझ्याशी बोलत नाही. घोरते मात्र माझ्याकडेच तोंड करून.

११ मार्च
दाखवला!! आत्या उठली, नकाशाशी गेली, दोन डोंगर मला विचारून ओळखले आणि ठेवलं बोट. वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी. अध्यक्षानं स्वतः त्या डोंगराभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

बाहेर आल्यावर म्हटलं, "एवढंच होतं ना? मग माझं रक्त कशाला आटवलंस?"
"हळू बोल," म्हणाली. हसत होती!

२ एप्रिल
विधेयक मंजूर! गोल काढलेल्या डोंगराला कुणी हात लावू शकत नाही. सुटलो बाबा! उद्याच बोटीवर जाणार होतो, पण आत्या म्हणते, "आधी झरा बघून जा. एवढा घसा कोरडा केलास, आता तुझा हक्क आहे."

५ एप्रिल
झऱ्याचं पाणी प्यालो. दातांत कळ जाईल इतकं गार. तोंड पुसून वर पाहिलं, तर गोल काढलेला डोंगर समोर. दरीच्या पलीकडे.

"आत्या, तू बोट कुठे ठेवलंस?"
"त्याच्यावर. खरी जागा परक्याला दाखवतात होय, खुळ्या? आता येतील ते सगळे तिकडेच शोधत बसतील!"

झऱ्याच्या काठावर खाणवाल्यांचे मोजणीचे खुंट ठोकलेले आहेत. आत्याला वाटतंय, ते कायद्याचे.