दुसरी पायरी धाकट्याच्या हाती

मी, वय सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबाव आहे तो फक्त ईमेल उघडायला लागणाऱ्या सहा आकडी कोडाचा. त्याचे आयुष्य दहा मिनिटे. ‘क्षणभंगुर’ शिकवताना गुरुजींनी देहाचा दाखला दिला. हा कोड त्यांनी पाहिला नव्हता.

१. राहते घर धाकट्या भावाला. तो घेणार नाही, तरी लिहितो. नळ डावीकडे पिळल्याशिवाय बंद होत नाही.

२. शब्दकोश आमच्या वर्तमानपत्राच्या मुद्रितशोधकाला. त्यातही तो चुका काढील, काढू द्यावा.

३. ईमेलचे खाते. पासवर्ड टेबलाच्या खणात आहे, पण तेवढ्याने ते उघडत नाही. दुसरी पायरी म्हणून कोड धाकट्याच्या फोनवर जातो. एका वर्षात मी तीन फोन हरवले होते. तो घड्याळे दुरुस्त करतो, दिवसभर दुकानात बसून असतो, म्हणून त्याचा नंबर दिला. पुढे बाबा गेले. मी बातमीच्या मागे होतो, दोन दिवस उशिरा पोचलो. “आलास? छापून आलं का?” एवढे विचारून त्याने बोलणे टाकले.

नंबर बदलायलाही आधी त्याच नंबरवरचा कोड लागतो. राखीव कोड जपून ठेवा, असे खात्याने बजावले होते. मी जपले, त्याच खात्यात.

त्यामुळे नवा फोन घेतला की त्याला फोन करणे आले.

“कोड आला का रे?”

“आलाय. लिही. चार... शून्य... घाई आहे का दादा? तुला सवय आहे उशिराची.”

अकरा वर्षांत आमचे बोलणे ते एवढेच. मी फोन जरा लवकर लवकर बदलत गेलो, हेही नोंदवतो.

४. त्या खात्यात बाबांचा शेवटचा निरोप त्यांच्याच आवाजात आहे. “धाकट्याने फार केलं माझं, त्याला सांग.” मी सांगितले नाही. आकसाने. तो निरोप त्याचा आहे, त्याला मिळावा.

५. गेल्या महिन्यात पुन्हा फोन बदलला. एकवीस दिवस झाले, रोज रिंग वाजते आणि तो उचलत नाही. दुकान चार गल्ल्या पलीकडे आहे. मी गेलेलो नाही. रागावला असेल तर सोसेन; दुकान बंद दिसले तर शेजाऱ्याला काय विचारू, याची मला भीती वाटते.

लिहून ठेवणार: थोरला (सही)
साक्षीदार: खालचा औषधवाला (सही), समोरच्या शिक्षिकाबाई (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळ