येतू आणि एत्तु

आप्पा,

तुमची पोरगी पास झाली! कॉम्प्युटर क्लासला जातो म्हटलेलं खोटं हुतं. मी बेळगावात क्रेन शिकत हुतो.

त्या दिशी कामावर क्रेनच्या हुकाला साखळी लावताना तुम्ही "येतू", म्हंजे बाजूला येतो, म्हणून वरडला. ऑपरेटरला ते कन्नड "एत्तु" वाटलं, म्हंजे उचल. त्यानं हूक वर घेतला आणि तुमची दोन बोटं गेली.

आज प्रॅक्टिकलला परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मुद्दाम मागनं "एत्तु! एत्तु!" असा लई गोंधळ घातला. सिग्नलवाल्याची मूठ बंद हुती, म्हंजे थांब. मी हूक जरासुदीक हलू दिला न्हाय!

साहेब म्हणाले, "ऐकू येत न्हाय काय?"

"येतंय सर. पण आप्पांची बोटं आठवली."

हे पत्र टाकत न्हाय. लायसन घिऊन मीच निपाणीला येतू. घाबरू नगासा, एत्तु न्हवं, येतू!

तुमची,
पारमिता