रेघ ओलांडायची नाही

टोरांटो
२२ जून, रविवार

प्रिय रोवीना,

तुझं ख्रिसमसचं कार्ड पोचलं होतं. त्याला आज, जूनमध्ये उत्तर देते आहे, रागावू नकोस. हॅलिफॅक्सला आता तरी थोडी ऊब आली असेल. तुझी पाठ बरी असावी. इथे लायलॅक फुलून गेलासुद्धा. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला दाद देत नाही.

तीन वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून तू म्हणाली होतीस, "आई, बाबांना वृद्धाश्रमात ठेव, नाहीतर त्यांच्या आधी तू जाशील." तेव्हा मी तुला काय काय बोलले ते तू विसरली नसशील. दगडाच्या काळजाची म्हणाले आणि तुझी बॅग माझ्या हातांनी दाराबाहेर ठेवली. तर बाबांना मी चार आठवड्यांपूर्वी आश्रमात ठेवलं. एवढं एकदा लिहून टाकलं की पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात नाही.

चर्चमागच्या बागेत एक चक्रव्यूह आहे, तो तू पाहिलेला नाहीस, तू गेल्यावर झाला. फरशीवर निळ्या रंगाने आखलेल्या अकरा फेऱ्या आहेत. नावाला बिचकू नकोस, त्यात फसायला जागाच नसते. एकच वाट, वळत वळत मध्यापर्यंत जाते आणि त्याच वाटेने माणूस बाहेर येतो. कुणी मेलेल्या नवऱ्यासाठी चालतं, कुणी नोकरी गेली म्हणून, कुणी उगीच. नियम दोनच. समोरून बाहेर निघालेलं माणूस आलं की खांदा वळवून त्याला आधी वाट द्यायची. आणि रेघ ओलांडायची नाही. शनिवारी सगळे मिळून चालतो, मग थर्मासातला चहा आणि ओडेटने केलेला लिंबाचा केक. ओडेट म्हणजे आमची म्होरकी, निवृत्त नर्स. केक दगडासारखा होतो आणि तिला ते सांगायची कुणाची छाती नाही.

बाबांना ती जागा जन्मभर ओळखीची असल्यासारखी आवडली. एकतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस. घरात त्यांना न्हाणीघर सापडेना, मला ते कधी मावशी म्हणायचे, कधी कंडक्टर. पण तिथे सोडलं की बरोबर मध्यापर्यंत जाऊन परत यायचे. "रूळ आहेत ना, मग चुकायची भीती कसली," म्हणायचे. एरवी घरात दर दोन मिनिटांनी मला हाक. तिथे मात्र मला बाकावर अर्धा तास बसायला मिळायचं. त्या अर्ध्या तासावर मी तीन वर्षं काढली, रो.

बर्फाने रंग उडतो, म्हणून दर मे महिन्यात आम्ही रेघा पुन्हा रंगवतो. यंदा सहावी फेरी माझ्याकडे होती. त्याच सकाळी आश्रमातून फोन आला होता, जागा रिकामी झाली आहे, दोन दिवसांत कळवा. मी गुडघ्यांवर बसून रंगवत होते आणि डोक्यात तेवढंच चालू होतं. एका वळणाची कमान मी एक रेघ सरकवून काढली. जिथे उघडं हवं तिथे बंद झालं आणि बंद हवं तिथे उघडं राहिलं. वाट मध्याला पोचेनाशी झाली. चालणारा फिरून फिरून तिथेच येणार.

दुसऱ्या कुणाला त्याचं काही झालं नसतं. हसले असते, रेघेवरून पाय टाकून निघून गेले असते. पण रंग वाळल्यावर सोमवारी सकाळी पहिले चालायला गेले ते तुझे बाबा.

दहाला गेले आणि पावणेएकपर्यंत फिरत राहिले. उन्हात, टोपी नाही. ओडेटला दिसले तेव्हा टाचांमधून रक्त येऊन मोजे बुटाला चिकटले होते आणि ते रडत होते. ती हाताला धरून ओढायला लागली तर पाय उचलेनात. शेवटी तिने आपला स्कार्फ रेघेवर पसरला, रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे बाहेर आले. मी पोचल्यावर ओडेट म्हणाली, "अगं, होतीस कुठे तू?" मी सांगितलं, औषधांच्या दुकानात रांग होती. ते तिने मानलं. कमान माझ्या हातून चुकली म्हणून मला लागलं असेल, असं समजून सगळ्यांनी उलट माझीच समजूत घातली.

हे पत्र मी इथेच संपवणार होते. सही करायला पेन टेकवलंही होतं.

औषधांच्या दुकानात मी नव्हतेच. बागेसमोरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीशी बसले होते. ते तिसऱ्यांदा त्याच वळणावर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मध्याला पोचत नाहीत. माझी कमान चुकली आहे हेही कळलं. रस्ता ओलांडायचा, हात धरायचा, एवढंच काम होतं. मी उठले नाही. दुसरी कॉफी मागवली. ते फिरत होते आणि मला कुणी हाक मारत नव्हतं, आणि मला बरं वाटत होतं. नंतर ते लंगडायला लागले तेही मी पाहिलं. त्याच टेबलावरून आश्रमाला फोन केला, जागा घेते म्हणून.

तू जे सांगत होतीस ते मी वेळेवर ऐकलं असतं तर नीट निरोप घेऊन, त्यांची उशी घेऊन, तुला सोबत घेऊन त्यांना तिथे नेलं असतं.

आता सगळं सांगतेच आहे तर हेही सांगते. आश्रमात ते सारखे बाहेर निघायचे. तिथल्या बाईंनी विचारलं, यांना कशाने थोपवता येईल? मी म्हणाले, दाराशी जमिनीवर एक रेघ मारा. त्यांनी काळी पट्टी चिकटवली. त्या दिवसापासून दाराला कुलूपही लागत नाही. बाई माझं कौतुक करतात.

वळणाची कमान मी दुरुस्त केली. चालून पाहिलं, वाट मध्याला पोचते. मध्यावर बराच वेळ उभी राहिले. तिथे काही नव्हतं.

काल भेटायला गेले होते. वेळ संपली तशी दाराकडे निघाले, तर ते पट्टीच्या अलीकडे उभे. टाचा भरून आल्या आहेत. मला ओळखलं नाही. पण खांदा वळवून भिंतीला लागून उभे राहिले, अगदी नियमाप्रमाणे.

"बाहेर चाललात ना, बाई? मग आधी तुम्ही."

आणि मी गेले. तू यावंस असं मी म्हणत नाही. आलीस तर ते तुलाही वाट देतील.

पट्टी ओलांडून घरी आलेली,
तुझी आई